शत्रूच्या बंदुका आणि आझाद हिंद फौज

बीड तालुक्यातील नारायणगड हे वारकऱ्यांचे श्रद्धास्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. गडाभोवतीचा हा सारा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. या भागात बंदुकीचा विषय निघाला की आठवण थेट रझाकार आणि पोलीस ॲक्शनवर जाऊन थांबते. बंदूक हातात घेतलेला मुसलमान म्हणजे रझाकार, असे एक सोपे समीकरण मराठवाड्यात रूढ झाले. त्याच संस्थानाच्या राजधानीतला एक मुसलमान तरुण त्याआधी चार वर्षे इंफाळच्या आघाडीवर देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्याचे नाव आबिद हसन सफरानी. ज्या फौजेतून तो लढला, तिच्या हातातली बहुतेक हत्यारे इंग्रजांचीच होती.

शत्रूचे हत्यार हाती आले की ते वापरायचे, ही युद्धाइतकीच जुनी रीत आहे. हजरत अलींची (रजि.) झुल्फिकार ही तलवार मुळात बद्रच्या लढाईत माले गनीमत म्हणून मिळाली होती, असे इस्लामी परंपरा सांगते. आधुनिक कायद्यालाही त्यात वावगे वाटत नाही. 1907 च्या हेग नियमांनुसार शत्रूराज्याचे शस्त्रसाठे ताब्यात घेता येतात. शत्रूचा गणवेश घालून त्याला फसवणे मात्र त्याच नियमांनी गैर ठरवले आहे.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी युद्धकैदी जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांच्यातूनच कॅप्टन मोहन सिंग यांनी पहिली आझाद हिंद फौज उभी केली. इंग्रजांनी मागे टाकलेल्या .303 रायफली आणि ब्रेन गन जपान्यांनी या फौजेला दिल्या. यात एक सोय होती. हे शिपाई याच हत्यारांवर तयार झालेले होते. रायफल उघडावी कशी, साफ करावी कशी, नेम धरावा कसा, हे त्यांना नव्याने शिकवावे लागले नाही.

अडचण काडतुसांची होती. .303 इंच म्हणजे सुमारे 7.7 मिलिमीटर. जपान्यांची 99 नमुन्याची रायफलही 7.7 मिलिमीटरचीच, पण दोघींची काडतुसे निराळी. एकीचे काडतूस दुसरीत चालत नसे. जपान्यांची जुनी रायफल तर 6.5 मिलिमीटरची. त्यामुळे जपानी रायफलींसाठी कितीही दारूगोळा निघाला, तरी आझाद हिंदच्या रायफलीला त्याचा उपयोग नव्हता. तिचे पोट शत्रूच्या कोठारावरच भरायचे. साठा संपला, सुटा भाग मोडला, की पुन्हा शत्रूकडूनच मिळवायचे.

1944 मध्ये ही फौज ब्रह्मदेश ओलांडून सरहद्दीवर आली. चिन टेकड्यांत शाहनवाज खान यांचे सुभाष ब्रिगेड होते, पालेलच्या बाजूला इनायत कियानी यांचे गांधी ब्रिगेड. 14 एप्रिल रोजी मणिपूरमधील मोइरांग येथे कर्नल शौकत अली मलिक यांनी तिरंगा फडकवला. सेनाधिकाऱ्यांत वरच्या जागी सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. समोर इंग्रजांच्या हिंदी पलटणी होत्या आणि त्यांच्या हातातही हीच .303. दोन्हीकडे आपलीच माणसे, दोन्हीकडे एकच रायफल. गोळीच्या आवाजावरून कोण कुणाचा हे कळण्याची सोय नव्हती.

या फौजेपाशी तोफखाना जवळजवळ नव्हता, बिनतारी यंत्रणा अपुरी होती. खुद्द जपानी सेनापतींनीही इंग्रजांची कोठारे हाती येतील या भरवशावर मोहीम आखली होती. अशा लुटीच्या रसदीला जपानी शिपाई ‘चर्चिलची शिधा’ म्हणत. इंफाळ पडले नाही, ती शिधा मिळाली नाही. त्यात पावसाळा आला आणि जुलैमध्ये माघारीचा हुकूम निघाला. उपासमार, मलेरिया आणि आमांशाने गोळीपेक्षा जास्त माणसे नेली. शत्रूच्या हत्याराने लढाई सुरू करता येते, पण ती चालू ठेवायला मागे स्वतःचा कारखाना आणि स्वतःची रसद लागते, हा धडा या फौजेने फार मोठी किंमत देऊन घेतला.

आबिद हसन याच माघारीतून परतले. जर्मनीत शिकत असताना ते नेताजींना मिळाले होते. 1943 मध्ये नेताजींच्या पाणबुडीच्या प्रवासात तेच एकटे हिंदी सोबती होते. ‘जय हिंद’ हे अभिवादन त्यांनी सुचवले असे मानले जाते. ‘सफरानी’ म्हणजे केशरी. हे नाव त्यांनी स्वतः घेतले.

नोव्हेंबर 1945 मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्ष सिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. गुलाम प्रजेलाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, असे भुलाभाई देसाई यांनी कोर्टात मांडले. शिक्षा झाली, पण जानेवारी 1946 मध्ये तिघांना सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौसैनिक उठले. त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका ही त्यांची एक मागणी होती. 21 फेब्रुवारी रोजी कॅसल बॅरॅक्समध्ये त्यांनी शस्त्रागार ताब्यात घेतले आणि सरकारच्याच रायफलींनी सरकारच्या गोळीबाराला उत्तर दिले.

हत्यार कुणी घडवले, कुणाच्या कोठारातून आले, यावरून ते धरणाऱ्याची निष्ठा ठरत नाही. तशीच ती त्याच्या नावावरूनही ठरत नाही. दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी रझाकारांच्या अत्याचारांची आठवण जरूर व्हावी, ती सत्य आहे. पण त्याच संस्थानातून निघून शत्रूच्या रायफलीने देशासाठी लढलेल्या फौजेत गेलेल्या आबिद हसन यांचे नावही बीडच्या आणि नारायणगडाच्या शाळकरी मुलांच्या कानावर पडले पाहिजे. ते काम दुसरे कुणी करील म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपणच हाती घेतलेले बरे.