प्रवासी छायाचित्रणातील फ्लॅश ब्रॅकेटची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा वर, भिंगापासून काही अंतरावर फ्लॅश धरून ठेवणाऱ्या धातूच्या चौकटीस किंवा पट्टीस 'फ्लॅश ब्रॅकेट' म्हणतात. प्रवासात छायाचित्रे घेणाऱ्याने हे साधन निवडावे की नाही, आणि निवडल्यास कोणते, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. वास्तविक त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. वजन आणि प्रकाशाची गुणवत्ता यांच्यातील संघर्ष हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. प्रस्तुत निबंधात या सूत्राचा मागोवा घेऊन निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्रण, कृत्रिम प्रकाश, मॅग्नेशियम, फ्लॅश बल्ब, फ्लॅश ब्रॅकेट, प्रवास.

प्रस्तावना :
छायाचित्रणाचा इतिहास बहुधा कॅमेरा, भिंग आणि फिल्म यांच्या अंगाने लिहिला जातो. प्रकाश मात्र निसर्गदत्त म्हणून गृहीत धरला जातो. परंतु गुहा, खाणी, मंदिरांचे गाभारे, रात्रीचे बाजार आणि गरिबांची अंधारी घरे ही प्रवाशाच्या वाटेवरील स्थळे सूर्यप्रकाशाच्या कक्षेबाहेर होती. तेथे जाणाऱ्याला प्रकाश सोबत न्यावा लागे. तो किती वजनाचा, किती धोक्याचा आणि कॅमेऱ्यापासून किती अंतरावर असावा, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पिढीने आपापल्या परीने शोधली. फ्लॅश ब्रॅकेट हे त्यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

उद्दिष्टे :
1. वाहून नेण्याजोग्या कृत्रिम प्रकाशाच्या विकासाचे टप्पे पाहणे.
2. ब्रॅकेटची गरज कोणत्या तांत्रिक कारणांनी निर्माण झाली ते तपासणे.
3. प्रवासाच्या दृष्टीने ब्रॅकेट निवडण्याचे निकष मांडणे.

मॅग्नेशियमचा कालखंड :
पॅरिसचे छायाचित्रकार नादार यांनी 1861 च्या सुमारास तेथील भूमिगत अस्थिगृहांची छायाचित्रे विजेच्या कमानदिव्याने घेतली. त्यासाठी विद्युतघटांचा मोठा संच लागला आणि एकेका चित्राला 18 मिनिटांपर्यंत वेळ लागला. एवढा वेळ माणूस निश्चल राहू शकत नसल्याने कामगारांच्या जागी पुतळे उभे करावे लागले. प्रकाश होता, पण तो प्रवासाला निघण्याजोगा नव्हता.

मॅग्नेशियमच्या तारेने ही अडचण बरीच दूर केली. मँचेस्टरमध्ये 1864 मध्ये या तारेच्या उजेडात व्यक्तिचित्र घेण्यात आले. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी इजिप्तच्या महापिरॅमिडच्या अंतर्भागाची छायाचित्रे मॅग्नेशियम जाळून घेतली. प्रवासी छायाचित्रणाच्या इतिहासातील ही महत्त्वाची घटना होय. प्रकाशाचे साधन आता पेटीत मावत होते. मात्र दाट पांढरा धूर आणि अनिश्चित ज्वलन हे दोष कायम होते.

जर्मनीत 1887 मध्ये आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे क्षणात पेटणारे चूर्ण तयार केले. न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस यांनी त्याचा उपयोग करून स्थलांतरितांच्या वस्त्यांतील जीवन जगापुढे आणले. त्यांचे 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक 1890 मध्ये प्रसिद्ध झाले. या चूर्णामुळे रीस यांच्या हातून दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लागली. येथे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. मध्यरात्री झोपेतून दचकून जागे झालेल्या माणसांच्या चेहऱ्यावरील भाव हा त्यांच्या दैन्याचा पुरावा मानावा, की अकस्मात पडलेल्या प्रकाशाचा परिणाम? ज्या प्रकाशाने सत्य दिसते, तोच प्रकाश सत्यात ढवळाढवळही करतो, हा पेच तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

फ्लॅश बल्ब आणि बाजूची मूठ :
काचेच्या बंद गोळ्यात प्राणवायू भरून त्यात ॲल्युमिनियमचा वर्ख जाळणारा बल्ब 1929 मध्ये जर्मनीत बाजारात आला. धूर आणि उघडी ज्वाला संपली. प्रत्येक बल्ब एकदाच वापरता येई आणि लगेच हात लावल्यास चटका बसे, हे खरे. तरीही छायाचित्रकार आता खिशात बल्ब भरून फिरू शकत होता.

या काळातील वृत्तछायाचित्रकारांचा आवडता कॅमेरा म्हणजे 1912 पासून अमेरिकेत तयार होणारा 'स्पीड ग्राफिक'. त्याच्या बाजूला विजेऱ्या भरलेली नळीसारखी मूठ आणि तिच्या टोकाला परावर्तक बसवलेला असे. ब्रॅकेटचे हे आद्यरूप म्हणता येईल. त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा सोय अधिक होती. विजेऱ्या आणि परावर्तक एवढे मोठे होते, की त्यांना दुसरीकडे जागाच नव्हती. परंतु त्यामुळे प्रकाश भिंगापासून दूर राहिला आणि चेहऱ्याला उठाव देणारी सावली आपोआप मिळाली.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत स्थायिक झालेल्या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (1913–2012) यांनीही 'स्पीड ग्राफिक' आणि फ्लॅश बल्ब वापरले. दिल्लीच्या रस्त्यांवर सायकलवरून हे जड साहित्य नेणाऱ्या व्यारावाला यांचे उदाहरण पाहिले, म्हणजे 'वहनसुलभता' या शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलतो ते लक्षात येते.

हॉट शू आणि नवा दोष :
अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरोल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात विद्युत्-विसर्जनावर चालणाऱ्या क्षणिक प्रकाशाचे तंत्र विकसित केले. त्यातूनच आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडला. ट्रान्झिस्टरमुळे तो लहान झाला आणि चार साध्या सेलवर चालू लागला. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील 'हॉट शू' नावाच्या खाचेत तो सरकवला, की काम भागे.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागली. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ आल्याने त्याचा प्रकाश डोळ्याच्या मागील रक्तमय पडद्यावर पडून थेट भिंगात परतू लागला आणि छायाचित्रात डोळे लाल दिसू लागले. कॅमेरा उभा धरला, की फ्लॅश एका बाजूला जाई आणि मागच्या भिंतीवर ठसठशीत काळी सावली पडे. स्वतंत्र साधन म्हणून ब्रॅकेटचे खरे महत्त्व या टप्प्यावर वाढले. पूर्वी अपरिहार्यतेने मिळालेले अंतर आता जाणीवपूर्वक निर्माण करावे लागले.

निवडीचे निकष :
पहिला निकष अंतराचा. फ्लॅश भिंगापासून 15 सेंटीमीटरवर आणि व्यक्ती 3 मीटरवर असल्यास दोहोंमधील कोन सुमारे 2.9 अंश होतो. व्यक्ती 6 मीटरवर गेल्यास तो निम्मा होतो. म्हणजेच ब्रॅकेटचा लाभ मुख्यतः जवळच्या चित्रणात मिळतो. शिवाय अंतर दुप्पट झाल्यास प्रकाश एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे दूरच्या देवळाच्या शिखरासाठी ब्रॅकेट बाळगणे व्यर्थ होय.

दुसरा निकष रचनेचा. सरळ बाजूची पट्टी हलकी, स्वस्त आणि पिशवीत सपाट मावणारी असते. परंतु कॅमेरा उभा करताच फ्लॅश भिंगाच्या वर किंवा खाली जातो. फिरत्या भुजेच्या ब्रॅकेटमध्ये फ्लॅश दोन्ही स्थितींत भिंगाच्या वरच राहतो आणि सावली व्यक्तीच्या मागे, खाली पडते. समारंभाच्या चित्रणात ही सोय मोलाची आहे. मात्र तिचे सांधे, वजन आणि आकार प्रवाशाला जाचक ठरतात. घडी घालता येणारी भुजा हा मध्यममार्ग होय.

तिसरा निकष जोडणीचा. ब्रॅकेट कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या पाव इंची आट्यात बसतो. तिवईसाठीही तोच आटा लागत असल्याने ब्रॅकेटच्या खालच्या बाजूस तसाच दुसरा आटा असणे आवश्यक आहे. कॅमेरा पट्टीवर घसरून फिरू नये म्हणून रबराचा थर किंवा कड हवी. बॅटरी आणि कार्ड यांचे झाकण पट्टीखाली अडकत नाही ना, हेही पाहावे लागते.

चौथा निकष संदेशवहनाचा. भिंगातून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप नियंत्रित करण्याची सोय 1975 च्या 'ऑलिंपस ओएम-2' मध्ये आली. तेव्हापासून केवळ फ्लॅश पेटवणारी साधी तार अपुरी ठरली आणि कॅमेऱ्याच्या जातीची बहुपदरी तार ब्रॅकेटच्या खर्चात धरावी लागली. प्रवासात अशा तारेत बिघाड झाल्यास परगावी ती मिळणे कठीण, हेही विसरता येत नाही.

डिजिटल युग आणि प्रकाशाची मर्यादा :
'निकॉन डी3' (2007) सारख्या कॅमेऱ्यांनी मंद प्रकाशातील चित्रण सुलभ केले. पुढे रेडिओ लहरींवर चालणारे फ्लॅश रूढ झाले आणि तारही अनावश्यक ठरू लागली. ब्रॅकेटची गरज त्यामुळे घटली.

काही स्थळी तर फ्लॅशच निषिद्ध आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसमोर त्याला परवानगी नाही. बेनॉय बेहल यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी ही चित्रे फ्लॅशऐवजी अत्यंत मंद प्रकाशात, दीर्घ काळ शटर उघडे ठेवून टिपली आणि त्यांचे रंग जाणकारांना नव्याने दिसले. उत्तम साधनाची निवड करताना ते न वापरण्याचा पर्यायही विचारात घ्यावा लागतो, हे या उदाहरणातून सिद्ध होते.

निष्कर्ष :
1. वाहून नेण्याजोगा प्रकाश जसजसा लहान झाला, तसतसा तो भिंगाच्या जवळ आला आणि चित्राची गुणवत्ता काही अंशी घटली. ब्रॅकेट ही त्या हानीची भरपाई होय.
2. प्रवाशासाठी हलका, घडीचा आणि तिवईचा आटा मोकळा ठेवणारा ब्रॅकेट अधिक उपयुक्त ठरतो. फिरत्या भुजेचा मोठा ब्रॅकेट समारंभाच्या चित्रणास योग्य होय.
3. ब्रॅकेट प्रकाशाचे स्थान सुधारतो. तो प्रकाश कोणावर, कोणत्या क्षणी आणि कोणाच्या संमतीने टाकावा, याचा निर्णय मात्र छायाचित्रकारालाच करावा लागतो. रीस यांच्या काळातील हा प्रश्न साधने बदलली तरी बदललेला नाही.