फलक, पाटी आणि नवी पट्टिका

दिवाळीच्या सुटीत पाहुण्यांना घेऊन पांडवलेण्यांची टेकडी चढण्याचा परिपाठ नाशिकच्या बऱ्याच घरांत आहे. मंडळी वर पोचतात, घाम पुसतात, मूर्तींपुढे घटकाभर उभी राहतात आणि शिदोरी सोडायला सावली शोधू लागतात. दहाव्या लेण्याच्या ओसरीतल्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत, त्यांच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. त्यात त्या मंडळींचा दोष नाही. अक्षरे वाचता येत नाहीत आणि पोटात भूक असते. पण या भिंतीवर एक शब्द असा आहे की, त्यासाठी ही टेकडी मी पुन्हा चढेन. तो शब्द म्हणजे 'फलकवार'.

लेख उषवदाताचा आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. बेचाळिसाव्या वर्षी वैशाख महिन्यात त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले, आणि नुसते लेणे देऊन तो थांबला नाही, तर 3,000 कार्षापणांची अक्षय ठेव ठेवली. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली: एकीकडे 2,000, दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजावरच भागवायचे. वर्गात मुलांना सरळव्याज शिकवताना मी हेच उदाहरण घालतो. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला 240. लेखात म्हटले आहे की, वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा मिळावेत. वीस बारे दोनशे चाळीस! दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पैशाला पैसा जुळतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.

आणि मग लेखाच्या शेवटी ती मौजेची गोष्ट येते. हे सारे निगमसभेत वाचून ऐकवले आणि रीतीप्रमाणे फलकवारात नोंदवले, असे उषवदात सांगतो. फलक म्हणजे लाकडी फळी. अशा फळ्या जेथे ठेवीत ते फलकवार, म्हणजे आजच्या भाषेत दप्तरखाना. थोडक्यात, आपल्या या गोवर्धन परिसरात त्या काळी पाट्यांचे एक कार्यालय होते, आणि सावकारी व्यवहाराची खरी नोंद पाटीवर असे. भिंतीवरचा दगडी लेख ही दुसरी प्रत. त्या फळ्यांतली एकही आज उरलेली नाही. लाकूडच ते, वाळवीने नेले असेल नाही तर चुलीत गेले असेल. दगड मात्र राहिला.

मला हे आठवायला कारण घरातले आहे. 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही एक टॅब्लेट घेतला. तो आता म्हातारा झाला. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही, आणि कंपनीने त्याच्या प्रणालीत नव्या सुधारणा पाठवणे केव्हाच थांबवले आहे. मुलगी बारावीत आहे. तिच्या मैत्रिणीकडे नामांकित कंपनीचा उंची टॅब आला, त्यावर पेनने वहीसारखे लिहिता येते, आणि आमच्या घरात गणेशोत्सवापासून एकच विषय सुरू झाला. 2024 साली आलेल्या आयपॅड प्रोची आपल्याकडची किंमत 99,900 रुपयांपासून पुढे होती, पेन वेगळे. मी एकदा सहज 'नवी पाटी' म्हणालो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, पाटी नव्हे, टॅब म्हणा." मी गप्प बसलो. पण शब्द माझाच बरोबर होता, आणि तो मी कोठून आणला हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पाटीची वंशावळ मोठी आहे. इसवी सन 1030च्या सुमारास अल्बेरूनीने आपल्या देशाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात हिंदू मुले शाळेत काळ्या पाट्या वापरतात, त्या आडव्या धरून पांढऱ्या द्रव्याने डावीकडून उजवीकडे लिहितात, असे नोंदवून ठेवले आहे. पाटी आडवी धरायची की उभी, हा प्रश्न आमच्या घरीही रोज निघतो. त्याला नऊशे नव्वद वर्षांची परंपरा आहे हे वाचून मला बरे वाटले. पुढे पंतोजींच्या शाळांत धूळपाटी आली, किंवा ती आधीपासूनच होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, टोकदार काडीने अक्षर काढायचे, हाताने सारखे केले की पाटी कोरी. 'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्दप्रयोग तिचाच. खर्च शून्य, बॅटरी नाही, फुटायची भीती नाही. वारा आला की मात्र सारा अभ्यास उडून जाई, आणि पंतोजींच्या छडीपेक्षा मुलांना वारा प्रिय असावा असा माझा तर्क आहे.

या धुळीची कीर्ती थेट विलायतेपर्यंत गेली. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले. त्यांनी ती पद्धत आपल्या शाळेत आणली आणि 1797 साली लंडनमध्ये त्याविषयी पुस्तिका छापली. मग इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळांतही वाळूचे तबक आले. आपण ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारतो ती साधने कधीकधी अशी समुद्र ओलांडून जातात.

धूळपाटी गेली आणि दगडी पाटी आली. आंध्रातल्या मार्कापूरच्या पाट्या दूरवर जात. लाकडी चौकट, एका कडेला तारेत ओवलेले रंगीत मणी, कोपऱ्याला दोरीने बांधलेला ओला बोळा. ही पाटी धुळीपेक्षा महाग, शिवाय फुटणारी. पण वाऱ्याने तिचे काही बिघडत नसे. मग पत्र्याची आली, ती फुटतही नसे. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला हळदकुंकू वाहताना पाटी दगडाची की पत्र्याची हे कोणी विचारले नाही. आमच्या घरी गेल्या दसऱ्याला टॅबच्या पडद्यावर तशीच सरस्वती काढली, आणि फूल वाहिल्याबरोबर पडद्याला स्पर्श होऊन ती पुसली गेली.

सरकारनेही एकदा नव्या पाटीचा घाट घातला होता. ऑक्टोबर 2011 मध्ये दिल्लीत 'आकाश' टॅब्लेटचे उद्घाटन झाले. सात इंची पडदा, आणि एक नग सरकारला सुमारे 2,276 रुपयांना पडला. स्वस्ताईचे कौतुक झाले, पण पडदा बोटाने चांगला दाबावा लागे आणि यंत्र मंद चाले, अशी ओरडही झाली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात 'आकाश-2' आला. वर्षभरात पाटी जुनी होण्याचा हा प्रकार धूळपाटीला, दगडी पाटीला किंवा उषवदाताच्या फळीला ठाऊक नव्हता. वहीला मात्र होता. आपले व्यापारी लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतात आणि पाडव्याला ती उघडतात. 1989पासून कराचे वर्ष सर्वांना एक एप्रिलचे झाले, तरी दिवाळीची वही पुजली जातेच. परंतु वही भरते म्हणून बदलतात. शेजारच्या दुकानात जाड पुठ्ठ्याची आली म्हणून नव्हे.

आता नाशिक जिल्ह्यातलीच आणखी एक गोष्ट सांगतो. 1906 साली जोगलटेंभी येथे, दारणा-गोदावरी संगमाजवळ, चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी 13,000हून अधिक, सगळी नहपानाची. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला, तेव्हा पराभूत राजाचा मुखवटा असलेली नाणी वितळवून टाकावीत अशी कोणाचीही अपेक्षा असेल. त्याने तसे केले नाही. त्यांतल्या 9,000हून अधिक नाण्यांवर त्याने आपला छाप मारला: एका बाजूला चैत्याचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. कितीतरी नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक आणि हनुवटी अजून डोकावते. चांदी तीच, वजन तेच, हुकूम नवा. मला सातकर्णीचा हा व्यवहारीपणा त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा अधिक भावतो.

याच राजाचा लेख पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात आहे, आणि आमच्या घरच्या वादाचा निकाल मी तेथूनच घेतला. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली: पूर्वी उषवदाताकडे असलेले कखडी गावचे 200 निवर्तनांचे शेत भिक्षूंना द्यावे. या दानाच्या लेखासाठी शब्द आहे 'पटिका', म्हणजे पट्टिका. इंग्रजीतला टॅब्लेट तो हाच! पण चोविसाव्या वर्षी त्याच भिंतीवर, आधीच्या लेखाला लागूनच, दुसरी आज्ञा कोरलेली आहे. ती राजाच्या व राजमातेच्या नावाने आहे, आणि लेखाच्या कामात लोटा नावाच्या प्रतिहारी स्त्रीचे नाव येते. आज्ञा अशी: ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती उरलेली नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत. सहा वर्षांनी दान बदलले. पण बदलण्यापूर्वी कोणीतरी त्या शेतात जाऊन पाहून आले होते. जमीन निरुपयोगी झाली, हे कारण चक्क दगडात लिहून ठेवले.

आमचा टॅबही सहा वर्षांचा. तेव्हा मी मुलीला म्हटले, आपणही शेत पाहून येऊ. आठवडाभर तिने एका कागदावर लिहून ठेवले, टॅबने कोणते काम अडवले. यादी लांब झाली नाही. बॅटरी दुपारी संपते, हे रोज. व्हिडिओ अडकतो, दोनदा. पेनने आकृती काढता येत नाही, तीनदा. पण त्या आकृत्या तिने वहीत काढल्या आणि परीक्षेला वहीच लागणार आहे. सौ.ने तिसराच मुद्दा काढला. तिने विचारले, लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे किती? सात हजार. त्यात वह्या, पुस्तके, सराव परीक्षांचे शुल्क भागून वर चार पैसे उरतील, असा तिचा हिशेब. उषवदाताची अक्षय ठेव तिने कधी वाचलेली नाही, तरी मुद्दलाला हात लावायचा नाही हे तिला माहीत आहे.

मेन रोडवरच्या एका दुकानात जुन्या टॅबची बॅटरी बदलून मिळते, असे कळले. ती बदलून घेतली. नव्या बॅटरीवर तो संध्याकाळपर्यंत चालतो. सुधारणा येत नसल्याने बँकेचे व्यवहार त्यावर करायचे नाहीत, एवढे ठरवले; ते काम माझ्या फोनवर. मुलीच्या टिपणांची एक प्रत दर रविवारी वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो. बारावीचा निकाल लागून ती ज्या कॉलेजात जाईल, तेथे काय लागते हे पाहून मग नव्याचा विचार. मुलगी अजून थोडी रुसलेली आहे. या सुटीत तिला तिसऱ्या लेण्यातला तो चोविसाव्या वर्षाचा लेख दाखवायला नेणार आहे. शिदोरी तिच्या आवडीची, असा तह झाला आहे.