परिच्छेद ५१ आणि धोका पातळी ४३ फूट

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या हवामान परिषदेत जो करार मंजूर झाला, त्याच्यासोबत एक लांबलचक ठरावही मंजूर झाला होता. करार सगळ्यांना माहीत आहे, ठराव फारसं कुणी वाचत नाही. त्या ठरावाचा ५१वा परिच्छेद एका वाक्याचा आहे. कराराचं आठवं कलम ‘हानी आणि नुकसान’ या विषयाचं आहे. या कलमामुळे कुणावरही दायित्व येत नाही आणि भरपाई मागायला त्याचा आधार घेता येणार नाही, एवढंच हा परिच्छेद सांगतो. कराराची प्रत हातात घेतली तर त्यात हे वाक्य सापडत नाही, कारण ते ठरावात आहे. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी कराराला अनुसमर्थन दिलं.

या वाक्याचं वजन कोल्हापुरात किती, हे समजण्यासाठी दुसरी कागदपत्रं शेजारी ठेवावी लागतात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नोंदवलेली पंचगंगा नदीची पातळी, मदतीचे शासन निर्णय, पूर अभ्यास समितीचा अहवाल आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी बांधावर आणि दारात उभं राहून केलेले पंचनामे. परिषदांचे ठराव आणि हे कागद तारखेच्या क्रमाने लावत गेलं की एक हिशोब उभा राहतो. तो इथे मांडतो आहे.

सुरुवात पॅरिसच्या बरीच आधी होते. १९९१ साली, हवामान बदलाच्या मूळ आराखडा कराराच्या वाटाघाटी चालू असताना, वानुआतू या प्रशांत महासागरातल्या देशाने लहान बेटांच्या वतीने एक प्रस्ताव ठेवला. समुद्र वाढून ज्यांची जमीन जाईल त्यांच्यासाठी विमा निधी असावा आणि त्यात श्रीमंत, औद्योगिक देशांनी पैसे घालावेत, असा तो होता. १९९२ साली रिओ दि जानेरोत करार सहीला आला तेव्हा हा निधी त्यात नव्हता. चौथ्या कलमाच्या एका उपकलमात ‘विमा’ हा शब्द मात्र राहिला.

रिओच्या तीनच वर्षं आधी, १९८९ साली, पंचगंगेला मोठा पूर येऊन गेला होता. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथली प्रयाग चिखली आणि शेजारचं आंबेवाडी ही गावं पाण्यात गेली होती. पुढे या गावांना सोनतळीला उंचावर जागा देण्यात आली. जागा मिळाली तरी गाव पुरतं हललं नाही. शेत खाली, जनावरं खाली, उसाची मोळी खाली. माणूस वर राहून काय करणार? पूर आला की सोनतळीला जायचं आणि ओसरला की परत यायचं, असं तिथल्या कितीतरी घरांचं पुढची तीन दशकं चाललं. हे इथे सांगायचं कारण असं की २०१० साली मेक्सिकोतल्या कानकुनच्या परिषदेत हवामान बदलामुळे होणारं विस्थापन, स्थलांतर आणि नियोजित पुनर्वसन हे शब्द ठरावात पहिल्यांदा आले. चिखलीकर तोवर वीस वर्षं त्या विषयातून जात होते. पुनर्वसन म्हणजे नुसता भूखंड देणं नव्हे, गोठा आणि शेत यांच्यातलं अंतरही सोडवावं लागतं, हे कानकुनच्या कुठल्याही प्रतिनिधीपेक्षा त्यांना चांगलं माहीत होतं.

मध्ये २००५ साल आहे. १६ फेब्रुवारी २००५ रोजी क्योटो करार अमलात आला. १९९७ साली झालेला हा करार रशियाच्या अनुसमर्थनासाठी इतकी वर्षं अडून होता आणि अमेरिकेने तो स्वीकारलाच नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, २६ जुलैला, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५० फुटांच्या जवळ पोहोचली. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३ फूट.

क्योटोची एक सोय ऊसपट्ट्यापर्यंत खरोखर पोहोचली. स्वच्छ विकास यंत्रणा तिचं नाव. विकसनशील देशात कार्बन कमी करणारा प्रकल्प उभा राहिला की टनामागे एक प्रमाणपत्र मिळायचं, आणि स्वतःचं उत्सर्जन कमी करायला बांधलेले देश ते विकत घ्यायचे. साखर कारखान्यांत उसाचं बगॅस उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून वीज करायची, कारखान्याला लागेल ती वापरून उरलेली विकायची, असे महाराष्ट्रातले सहवीज प्रकल्प या यंत्रणेच्या नोंदवहीत आहेत. कोळशावरची तेवढी वीज वाचते, हा त्यामागचा हिशोब. मात्र प्रमाणपत्राचा भाव युरोपच्या मागणीवर होता. २००८ साली तो २० युरोच्या वर होता आणि २०१२ संपताना एक युरोच्याही खाली आला. २०१३ पासून नव्याने नोंदलेल्या प्रकल्पांपैकी फक्त अतिअविकसित देशांतल्या प्रकल्पांची प्रमाणपत्रं घ्यायची, असा नियम युरोपने केला आणि भारतासाठी ते दार जवळजवळ बंद झालं. बॉयलर आणि टर्बाइन राहिली, ती आजही चालतात. करारातून यायचा पैसा आटला.

२००५नंतरची दहा वर्षं ठरावांचीही आहेत. २००७ साली बालीच्या कृती आराखड्यात ‘हानी आणि नुकसान’ ही जोडी पहिल्यांदा आली. २०१३ साली फिलिपिन्सवर हैयान वादळ आदळलं आणि त्याच दिवसांत वॉर्सा इथे परिषद चालू होती. तिथे या विषयासाठी एक आंतरराष्ट्रीय यंत्रणा निघाली, समिती बसली, पण पैशाची तरतूद झाली नाही. पॅरिसमध्ये विषयाला स्वतंत्र कलम मिळालं आणि सोबत तो ५१वा परिच्छेद. वाटाघाटींची भाषा वाचताना हा सौदा स्पष्ट दिसतो: कलम हवं असेल तर दावा सोडा.

ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, कोल्हापूरचा रस्ता तुटला, इंधन आणि दूध अडकलं. शिरोळ तालुक्यात, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथली नृसिंहवाडी-कुरुंदवाडकडची गावं अनेक दिवस पाण्यात होती. पाणी ओसरायच्या आत शासन निर्णय निघू लागले. घरात पाणी गेलेल्या कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये. पूरग्रस्त शेतकऱ्यांचं एक हेक्टरपर्यंतच्या पिकाचं कर्ज माफ. राज्याने केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपये मागितले, त्यांतले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांसाठी होते. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषानुसार बागायती पिकाला हेक्टरी १३,५०० रुपये मिळत, दोन हेक्टरच्या मर्यादेत आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत वाटा केंद्राचा आणि राज्याचा. म्हणजे हा सगळा पैसा इथल्याच करदात्यांचा होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये माद्रिदला परिषद झाली. हानी आणि नुकसानीवर तांत्रिक साहाय्य देणारं ‘सँटियागो नेटवर्क’ तिथे जन्माला आलं. पैशाबद्दल काही ठरलं नाही.

पुराची कारणं शोधायला राज्याने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली होती. मे २०२०च्या तिच्या अहवालाने कर्नाटकातल्या अलमट्टी आणि हिप्परगी धरणांमुळे पूर येतो, हा मुख्य आरोप मान्य केला नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणं, अडथळे यांच्याकडे बोट दाखवलं. अलमट्टीचा वाद त्याने मिटला नाही, आणि २०१०च्या कृष्णा पाणीवाटप लवादाने धरणाची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेऊ दिल्यावर तो मिटणं अवघडच होतं. शिरोलीच्या महामार्गाच्या भरावाबद्दलचा संताप त्याहून जवळचा आहे: भरावाऐवजी खांबांवरचा पूल करा, ही मागणी पुरानंतर ऐकू येत राहिली. ही कारणं खरी आहेत आणि हवामान बदलाचं नाव घेऊन ती झाकता येणार नाहीत. तरी आकाशातून पडलेल्या पाण्याचाही विचार व्हायला हवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कोल्हापूरच्या एका पुराची किती इंच पातळी तापमानवाढीमुळे, हे यावरून सांगता येत नाही. पावसाची तऱ्हा बदलतेय, हे सांगता येतं. इथल्या पूररेषा २५ वर्षांतून आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या गणितावर आखतात. निळी आणि लाल. पाऊसच बदलला तर ही गणितं कुठल्या पावसावर बसवायची?

उत्तर यायला दोन वर्षंही लागली नाहीत. २०२१च्या जुलै अखेरीस पंचगंगा २०१९च्याही वर, ५६ फुटांपर्यंत गेली. ९ ऑगस्टला आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सहाव्या अहवालाचा पहिला भाग आला, दक्षिण आशियात अतिवृष्टी वाढेल असं सांगणारा. त्याआधी, ३ ऑगस्टला, राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं: १,५०० कोटी तातडीची मदत, ३,००० कोटी पुनर्बांधणी, ७,००० कोटी पूर-निवारणाची दीर्घ कामं. त्यात कोल्हापूर-सांगलीबरोबर चिपळूण-महाडही होतं. नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला विकसनशील देशांच्या गटाने हानी-नुकसानीसाठी निधीची मागणी केली. तिला उत्तर म्हणून मिळाला एक ‘संवाद’, तीन वर्षं चालणारा. भारताच्या पंतप्रधानांनी त्याच परिषदेत २०७० सालच्या निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा केली.

निधी शेवटी २० नोव्हेंबर २०२२ रोजी इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखला मंजूर झाला, परिषद ठरल्या दिवसाच्या पुढे लांबल्यावर. वानुआतूच्या प्रस्तावानंतर एकतीस वर्षांनी. ३० नोव्हेंबर २०२३ला, दुबईच्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी, तो चालू करण्याचा निर्णय झाला आणि परिषद संपेपर्यंत देशांनी मिळून सुमारे ७० कोटी डॉलर देऊ केले. तेव्हाच्या दराने हे साधारण ५,८०० कोटी रुपये होतात. आता ही रक्कम वरच्या कागदांशेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्राने एका पावसाळ्यानंतर जाहीर केलेलं २०२१चं पॅकेज जगाने साऱ्या जगासाठी देऊ केलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट आहे. २०१९ साली केंद्राकडे मागितलेली रक्कमही त्याहून मोठी आहे. २०२५ साली निधीच्या मंडळाने सुरुवातीच्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर काढले, आणि त्यांतले निम्मे तरी लहान बेटं व अतिअविकसित देशांसाठी राखले. त्यांचा हक्क पहिला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वानुआतूने मागितलं नसतं तर हा निधीच नसता. उरलेल्या निम्म्यात कोल्हापूर कुठे बसतं, हा प्रश्न मात्र उभा आहे.

दरम्यान पुरावर मोठा परदेशी पैसा आला तो कर्ज म्हणून. महाराष्ट्र रेझिलिएन्स डेव्हलपमेंट प्रोग्रॅम या ३,२०० कोटींच्या कार्यक्रमात सुमारे ७० टक्के जागतिक बँकेचं कर्ज आहे, बाकी राज्याचा वाटा. कृष्णा खोऱ्यातलं पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवणं आणि कोल्हापूर-सांगलीचा पूर आवरणं, ही त्यातली कामं. पाणी वळवण्याची कल्पना चांगली की वाईट, हा अभियंत्यांचा वाद आहे. ज्यांनी तापमानवाढीत फारच थोडी भर घातली, त्यांच्या नदीचा पूर आवरण्यासाठी व्याजाने पैसे घ्यावे लागणं मला अन्याय वाटतो. परिच्छेद ५१मुळे हा अन्याय न्यायालयात मांडायचा मार्ग कराराच्या आठव्या कलमाच्या आधारे तरी बंद आहे. २०२४ साली बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं लक्ष्य ठरलं, भारताने तिथेच त्याला आक्षेप घेतला; त्या लक्ष्यातही कर्ज मोजायला मनाई नाही.

तरी दोन गोष्टी उघड्या आहेत. निधीच्या नियमपत्रात बाधित समूहांना लहान अनुदानं देण्याची तरतूद आहे, आणि सँटियागो नेटवर्क हानीचा हिशोब मांडण्यासारख्या कामांना तांत्रिक मदत देण्यासाठीच आहे. हिशोब मांडायचा तर आधी कागद हवेत. २००५, २०१९ आणि २०२१चे पंचनामे करवीर, शिरोळ, हातकणंगले, कागलच्या तहसील कचेऱ्यांत झाले, गट नंबर, पीक, घराची भिंत, मेलेली म्हैस अशा नोंदींसह. त्या एकत्र लावल्या तर एकाच शेतकऱ्याने सोळा वर्षांत तीनदा काय गमावलं, हे दाखवता येईल. आज एकेका पुराचीच बेरीज उपलब्ध आहे. महसुली दप्तरातल्या कागदांची वर्गवारी करून त्यांतले बरेच ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. २००५चे पंचनामे वीस वर्षांचे झाले. जिल्हा प्रशासनाने, शिवाजी विद्यापीठाने किंवा दोघांनी मिळून हे कागद तपासून, स्कॅन करून जपायचं काम या पावसाळ्याआधी हाती घ्यावं.