औषधदानाची वाट : बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास

आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत. त्यांपैकी आहारदानाची परंपरा समाजात आजही अखंड आहे. औषधदान मात्र पुष्कळदा रुग्णालयाला खोली बांधून देऊन त्यावर नामफलक लावण्यापुरते उरले आहे. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास चाळताना ही दोन दाने एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, असे दिसते.

हा रोग 1845 साली युरोपातील वैद्यकांनी प्रथम नीट वर्णिला. त्यानंतर शंभर वर्षे त्यावर उपायच नव्हता. मूल फिकट पडे, अंगावर काळेनिळे डाग उठत, ताप उतरत नसे आणि काही आठवड्यांत घर रिकामे होई. संपत्तीचाही येथे इलाज चालत नसे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 साली याच रोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी 1932 साली न्यास स्थापन झाला आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले.

योगायोग असा की, या रोगावरील पहिल्या औषधाचा धागाही परळमध्येच सापडतो. 1928 साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गरीब गर्भवतींना, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना, होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेतून घेतला. निकस आहार हे कारण त्यांनी ओळखले आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे 1931 साली प्रसिद्ध केले. या कामात उंदीर आणि माकडांवरही प्रयोग झाले. जैन वाचकाला ते खटकेल, आणि खटकावेच. परंतु इतिहासातून ते वगळता येणार नाही. मुंबईच्या कापडाने देशभरातील पेढ्या भरल्या; ते विणणाऱ्या हातांचे रक्त किती पातळ झाले होते, हे मात्र एका परदेशी स्त्रीने मोजले.

त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या संशोधकांचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे भाऊ संग्रहणीसारख्या विकाराने तरुणपणीच गेले होते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिली, तेव्हा रोग उलट वेगाने वाढल्यासारखे त्यांना वाटले. मग त्यांनी विचार उलटा केला : जे रोगाला पोसते, त्याचा मार्गच अडवावा. फॉलिक आम्लासारखेच दिसणारे, पण त्याचे काम रोखणारे अमिनोप्टेरिन सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने पुरविले. जून 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी 10 मुलांना गुण आला. काही उठून चालू लागली. तो गुण काही महिन्यांपुरताच होता आणि पुढे रोग परतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, सुब्बाराव मायदेशी न परतताच वारले. आपल्याकडे त्यांचे नाव आजही किती थोड्यांना ठाऊक आहे!

पुढील मार्ग अनेक औषधांच्या मेळातून निघाला. आपल्या कुंपणाशी आपोआप उगवणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळाले. अमेरिकेतील मेम्फिस येथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी 1962 पासून औषधे एकत्र देण्याची आणि मेंदूत दडणाऱ्या रोगावरही उपचार करण्याची पद्धत बसविली. साठीचे दशक सरता सरता निम्मी मुले बरी होऊ लागली. आज संपन्न देशांत दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

भारतात टाटा रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीचे एम्स यांनी 1984 च्या सुमारास 'एमसीपी 841' ही समान उपचारपद्धती स्वीकारली. चाकांच्या खुर्चीतून रुग्ण तपासणारे डॉ. सुरेश अडवाणी यांचा त्यात मोठा वाटा होता. 14 वर्षांतील 1,048 रुग्णांचा अनुभव 2005 साली प्रसिद्ध झाला. पूर्वी पाचांतले एखादे मूल वाचे, तेथे सुमारे निम्मी वाचू लागली.

औषध आले, पण कुटुंब कोठे उतरणार? हा प्रश्न वैद्यकाच्या ग्रंथांत नव्हता. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या महिनाभरातच पुष्कळ मुले बरी दिसू लागतात आणि खरा धोका तेथेच असतो. बापाची मजुरी बुडालेली, धाकटे भावंड गावी आजीपाशी, दागिने मोडलेले. मूल हसते-खेळते पाहून कुटुंब गावी परतते आणि पुन्हा येते ते रोग उलटल्यावर. जी येथे टिकत, त्यांतील कित्येकांना परळच्या पदपथावर पथारी टाकावी लागे. केमोथेरपीने रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलाला तेथील धूळ आणि अशुद्ध पाणी रोगाइतकेच घातक. अशा मुलांना उकळलेले पाणी आणि ताजे शिजविलेले अन्नच द्यावे, असे डॉक्टर बजावतात. जैन घरात हा नियम शिकवावा लागत नाही. पदपथावर मात्र तो पाळणे अशक्य.

दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने अशा रुग्णांना आसरा दिला. हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत संस्थेने रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे जेवू घातले. 2006 साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उभी राहिली. ती उपचार चालू असलेल्या मुलाची आईवडिलांसह विनामूल्य राहण्याची सोय करते. शिवाय हवे असते ते रक्त. महावीर जयंतीच्या शिबिरात जमलेल्या रक्तातील तांबड्या पेशी महिनाभर टिकतात, पण या मुलांना लागणारे प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. त्यासाठी शिबिराच्या गर्दीपेक्षा निरोप येताच आडवारी निघणारे दहा दाते अधिक कामाचे.

ज्या कॉटन ग्रीन भागात एकेकाळी रुईच्या गाठींचे सौदे होत, तेथेही आज त्या संस्थेचे एक केंद्र आहे. तेथे गावोगावच्या आया सामायिक स्वयंपाकघरात आपापल्या शेगडीवर आपल्या मुलाच्या आवडीचे रांधतात, आणि शेजारणीचे मूल केमोथेरपीनंतर काहीच खाईनासे झाले, तर तिलाही वाटीभर मऊ भात काढून देतात.