काविळीचा विषाणू आणि उंदराच्या लेंड्या

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पेठ वडगावच्या लोकांना ही बातमी दूरची नव्हती. दोन्ही गावे हातकणंगले तालुक्यातलीच. जिल्ह्याला हा अनुभव नवाही नव्हता. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यावाटे अशीच साथ पसरली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला, तेव्हा हा आजार हेपटायटिस-ए नव्हे आणि बी-ही नव्हे, एवढेच सांगता आले. आज आपण या आजाराला हेपटायटिस-ई म्हणतो.

याचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, यकृतात वाढतो, पित्ताबरोबर आतड्यात उतरतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी जपून ठेवलेले रक्तद्रव १९८० च्या सुमारास तपासले गेले, तेव्हा हा रोग वेगळाच असल्याचे कळले. १९८३ साली रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले. १९९१ साली त्याच्या आर.एन.ए.मधील सुमारे ७,२०० अक्षरांचा पूर्ण क्रम वाचून झाला.

आता प्रश्न उरला तो असा : एक साथ संपून दुसरी येईपर्यंत हा विषाणू राहतो कुठे? माणसातच, की प्राण्यांत? उपाय कोणता करायचा, हे या उत्तरावर अवलंबून होते. १९९७ साली अमेरिकेत डुकरांमध्ये याचा भाऊबंद सापडला. २००१ साली पुण्याच्या संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी भारतातील प्राण्यांचे रक्त तपासले. डुकरे, गुरे, कुत्री आणि उंदीर-घुशींतही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली.

पण प्रतिपिंड म्हणजे ओल्या मातीतला पायाचा ठसा. कोणी तरी येऊन गेले हे कळते. नेमके कोण, ते कळत नाही. त्यासाठी आर.एन.ए.चा क्रमच वाचावा लागतो. प्रथम आर.एन.ए.वरून डी.एन.ए.ची प्रत करतात, मग पी.सी.आर. पद्धतीने तिच्या असंख्य प्रती काढतात आणि अक्षरे वाचतात. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील पाठ ताडून पाहिले होते. विषाणूंचे क्रमही असेच शेजारी मांडून ताडतात. फरक जितके कमी, तितके नाते जवळचे.

२००२ साली पुण्यातून उत्तराचा एक भाग मिळाला. पश्चिम भारतातील माणसांमधला विषाणू पहिल्या जनुकप्रकाराचा निघाला, तर डुकरांमधला चौथ्या.

उंदरांचे कोडे सुटले ते जर्मनीत. पी.सी.आर.मध्ये प्रत काढायची तर क्रमाचा काही भाग आधी ठाऊक असावा लागतो. अनोळखी विषाणू निसटतो. रायमार योहने यांच्या गटाने, ज्ञात विषाणूंमध्ये जे भाग जवळपास सारखे आहेत, तेवढ्यांवरच आपली चाचणी बेतली. २०१० साली हॅम्बुर्गच्या रानटी उंदरांच्या लेंड्यांत नवा विषाणू सापडला. माणसातील विषाणूशी त्याचा क्रम निम्म्याहून थोडाच अधिक जुळत होता. तो माणसाला बाधणार नाही, असे बऱ्याच जणांना वाटे. २०१८ साली हाँगकाँगमध्ये यकृतरोपण झालेल्या एका रुग्णात तोच आढळला आणि हा समज सुटला.

या साऱ्यातून आपण काय घ्यायचे? आपल्याकडील मोठ्या साथींमागे उंदीर-डुकरे नसून माणसाच्याच मैल्याने दूषित झालेले पाणी असते. म्हणून फुटकी जलवाहिनी दुरुस्त करणे, साथीत पाणी उकळून पिणे आणि गरोदर स्त्रियांना विशेष जपणे, हे उपाय पहिले. कारण त्यांना हा आजार जिवावर बेतू शकतो. उंदरांवर मात्र नजर ठेवायला हवी. आणि विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगावी : चाचणीत काही सापडले नाही म्हणजे तिथे काही नाही, असे नव्हे, आपण काय शोधत होतो, हेही विचारावे लागते.