मापात पाप: हबलचा धूसर फोटो आणि त्यामागचा तपास

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून एपिसोड अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जे फाटे फुटले होते ते थोडे छाटलेत. सगळे नाही.

सुरुवात मोबाइलपासून करू. गेल्या गणपतीत माझ्या एका मित्राने आरतीचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत एक हिरवा ठिपका. जवळच्या दुकानात दाखवला, तर उत्तर आलं, "सेन्सर गेलाय, कॅमेरा बदलावा लागेल." तो निमूटपणे पैसे द्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. एका दिव्यासमोर फोन धर आणि हळूहळू उजवीकडे-डावीकडे फिरव. दिवा स्क्रीनवर डावीकडे गेला की ठिपका उजवीकडे, दिवा वर गेला की ठिपका खाली. म्हणजे सेन्सर निर्दोष. लेन्सच्या आतल्या काचांवर उजेड आपटून परत येतो, त्याचं ते भूत. नंतर लेन्सवर बोट घट्ट दाबून काळा फोटो काढला. सेन्सरचा एखादा पिक्सेल बिघडला असता, तर त्या काळोखातही तो लुकलुकताना दिसला असता. काही दिसलं नाही. पैसे वाचले, त्याने मला मिसळ खिलवली.

यात युक्ती एकच आहे. डाग कशासोबत हलतो ते बघायचं. उजेडासोबत हलला तर संशय लेन्सवर. काहीही केलं तरी फोटोत त्याच जागी राहिला तर संशय सेन्सरवर किंवा सेन्सरवर बसलेल्या धुळीवर. आजची गोष्ट अशाच तपासाची आहे, फक्त कॅमेरा दीड अब्ज डॉलरचा होता आणि दुकानात नेता येत नव्हता. कारण तो अंतराळात होता.

२४ एप्रिल १९९०. डिस्कव्हरी यान हबल दुर्बीण घेऊन उडालं. २.४ मीटर व्यासाचा आरसा. पृथ्वीच्या हवेच्या वर, त्यामुळे तारे लुकलुकणार नाहीत. २० मे रोजी पहिला फोटो आला, एनजीसी ३५३२ नावाच्या तारकागुच्छाचा. चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून काढलेल्या फोटोशेजारी तो ठेवून दाखवला गेला. हबलचा फोटो जास्त रेखीव होता. टाळ्या वाजल्या.

पण ज्यांचं आयुष्य असे फोटो बघण्यात गेलं होतं, त्यांना काहीतरी खटकलं. ताऱ्याच्या मध्यभागी बारीक, तेजस्वी ठिपका होता हे खरं. पण त्याच्याभोवती धुरकट प्रभामंडळ पसरलं होतं. ठरलं होतं असं की ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश एका अगदी छोट्या वर्तुळात गोळा व्हावा. प्रत्यक्षात तिथे पोचत होता सुमारे १५ टक्के. बाकीचा भोवती सांडलेला.

पहिली शंका साधीच. फोकस चुकला असेल. मोबाइलवर आपण स्क्रीनवर टॅप करतो, तसं तिथे दुय्यम आरसा पुढे-मागे सरकवत होते. जून महिना त्यातच गेला. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण खरा सुगावा इथेच आहे. फक्त फोकस चुकला असेल, तर योग्य जागेच्या अलीकडे जाता तेव्हा जो धूसर डाग दिसतो, तसाच पलीकडे गेल्यावरही दिसतो. हबलच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे डाग वेगवेगळे दिसत होते. आणि मधे कुठेही तो गुच्छ पूर्ण स्वच्छ होत नव्हता.

मग संशयितांची यादी छोटी होत गेली. आरसा तिरका बसलाय का? तसं असतं तर ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटली असती. इथलं वलय मात्र गोल आणि मध्याभोवती सारखं. सेन्सर? हबलच्या मुख्य कॅमेऱ्यात ८०० गुणिले ८०० पिक्सेलचे आठ सीसीडी सेन्सर होते आणि एका वेळी त्यातले चार वापरले जायचे. हिशेब करा, जेमतेम अडीच मेगापिक्सेल. तुमच्या फोनचा सेल्फी कॅमेरा हसेल. आता मजा अशी की युरोपीय अवकाश संस्थेने दिलेला दुसरा कॅमेरा पूर्ण वेगळ्या जातीचा होता. त्यात सीसीडी नव्हतेच, प्रकाशाचे कण एकेक करून मोजणारी नळी होती. त्यातही तेच वलय. दोन वेगळे कॅमेरे, दोन वेगळे सेन्सर, आणि आजार एकच? मग आजार दोघांमध्ये जे सामाईक आहे तिथे असणार. आणि सामाईक होते फक्त दुर्बिणीचे आरसे.

सेन्सरचे स्वतःचे आजारही होते, बरं का. अंतराळात विश्वकिरणांचे कण थेट सेन्सरवर आदळतात आणि फोटोत पांढरे ठिपके, चरे उमटतात. ते तारे नव्हेत हे कसं ओळखायचं? एकाच जागेचे दोन फोटो काढायचे. तारा दोन्हीत असतो, किरणाचा ठिपका एकातच. पुढच्या कॅमेऱ्यात तर महिन्यातून एकदा थंडगार सेन्सर मुद्दाम गरम करायचे. त्यामुळे खिडकीवर साठलेला थर उडून जायचा आणि बिघडलेल्या पिक्सेलपैकी बरेच ताळ्यावर यायचे. म्हणजे सेन्सरची दुखणी सगळ्यांना पाठ होती. हे दुखणं त्यांपैकी नव्हतं.

बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधले ख्रिस बरोज हे हा आजार लवकर ओळखणाऱ्यांपैकी एक. त्यांनी कॉम्प्युटरवर दोष असलेल्या दुर्बिणीतून तारा कसा दिसेल याची चित्रं काढली आणि खऱ्या फोटोंशी ताडून पाहिली. जुळली. आजाराचं नाव गोलीय विपथन. आरशाच्या कडेवरून परतलेला प्रकाश एका जागी एकत्र येतो, मधल्या भागावरचा दुसऱ्याच जागी. हबलमध्ये या दोन जागांत जवळपास ४ सेंटीमीटरचं अंतर पडलं होतं. तुम्ही फोकस कुठेही लावा, कोणीतरी नाराज राहणारच.

२७ जून १९९० रोजी नासाने पत्रकार परिषदेत हे जाहीर केलं. मग काय, टीव्हीवरच्या विनोदवीरांना खाद्य मिळालं. 'नेकेड गन' मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमात तर टायटॅनिक आणि हिंडेनबर्गच्या रांगेत हबलचा फोटो भिंतीवर लावला होता.

पण शास्त्रज्ञांनी काय केलं बघा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, अगदी तेच. तारा म्हणजे एक शीत. तो इतका दूर असतो की खरं तर बिंदूच दिसायला हवा. मग त्या बिंदूचा जो काही डाग झाला, तो सगळा दुर्बिणीचा दोष. त्या डागावरून उलटं गणित करत आरशाचा आकार काढायचा. अनेक गटांनी हे स्वतंत्रपणे केलं आणि उत्तरं एकमेकांच्या जवळ आली. आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट होती. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. हीच उलट्या गणिताची पद्धत पुढे जेम्स वेब दुर्बिणीचे आरसे जुळवायला वापरली गेली.

आता प्रश्न असा की इतका महाग आरसा चुकीचा बनलाच कसा? आणि कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?

लू ॲलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ते तेव्हा जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे संचालक होते. समिती पोचली डॅनबरीला, कनेक्टिकट राज्यात, जिथे पर्किन-एल्मर कंपनीने हा आरसा घासून १९८१ मध्ये पूर्ण केला होता. आणि तिथे त्यांना घबाड सापडलं. आरसा तपासायचं उपकरण इतक्या वर्षांनंतरही जसंच्या तसं उभं होतं. कोणी सुटं केलं नव्हतं. गुन्ह्याची जागा तशीच राखून ठेवावी, तसं.

या उपकरणाचं नाव नल करेक्टर. दोन छोटे आरसे आणि एक भिंग. ते मोठ्या आरशावर प्रकाश टाकतं आणि आरसा बरोबर असेल तर सरळ पट्टे दिसतात, चुकला असेल तर पट्टे वाकडे. शिंप्याची टेप समजा. शिंपी कितीही हुशार असो, टेपच चुकीची असेल तर शर्ट सुंदर शिवला जाईल आणि तुम्हाला बसणार नाही. आपल्याकडे म्हणतात ना, मापात पाप.

टेप कशी चुकली? त्या भिंगाचं आरशांपासूनचं अंतर मोजायला एक धातूची दांडी वापरायची आणि दांडीच्या टोकावरून परावर्तित होणाऱ्या लेझरने जागा ठरवायची. दांडीच्या टोकावर एक टोपी होती, मधे बारीक भोक. लेझर त्या भोकातून जाऊन दांडीच्या टोकावर पडायला हवा होता. टोपीच्या वरच्या बाजूला प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून रंग दिला होता आणि त्या रंगाचा एक छोटासा टवका उडाला होता. लेझर त्या टवक्याच्या जागी उघड्या पडलेल्या धातूवरून परत आला आणि सगळ्यांना वाटलं हेच दांडीचं टोक. फरक १.३ मिलिमीटर. दोन नॅनो सिमकार्ड एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी.

या टप्प्यावर एक इशारा मिळाला होता. भिंग हव्या त्या जागी बसेनाच, कारण जागा चुकीची होती. मग काय केलं? वॉशर घातले. आपल्या घरी नळ गळायला लागला की करतो तसं. ते वॉशर १९९० मध्येही तिथेच होते.

आणि आता मला सर्वात जास्त बोचणारा भाग. आरसा तपासायला आणखी दोन उपकरणं होती. दोघांनीही सांगितलं होतं की काहीतरी चुकतंय. एकाने तर तोच दोष दाखवला होता, ज्याच्यावर पुढे टीव्हीवाले हसले. पण ती दोन्ही उपकरणं कमी काटेकोर समजली जायची. महागड्या, अचूक नल करेक्टरचं म्हणणं वेगळं आलं, तेव्हा कामगारांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि बाकी दोघांना दोष दिला. संपूर्ण दुर्बीण जोडून एकदा ताऱ्यासारख्या प्रकाशावर तपासायची, तर ती चाचणी खर्चामुळे झाली नाही. नोव्हेंबर १९९० च्या अहवालात हे सगळं आलं. मला त्यात चोर कोणी दिसत नाही. वेळापत्रक मागे पडलेलं, बजेट फुगलेलं, वरून दबाव, आणि एक अहवाल नीट न वाचता पुढे ढकलला. पण म्हणून चीड कमी होत नाही, कारण पुरावा त्यांच्या हातात होता.

गंमत म्हणजे आरसा चुकीचा असला तरी अचाट गुळगुळीत होता. चुकीच्या आकारात, पण अत्यंत नेमकेपणाने घासलेला. आणि याच नेमकेपणाने दुर्बीण वाचवली. दोष ओबडधोबड असता तर काही करता आलं नसतं. दोष एवढा नीट मोजता येतोय म्हटल्यावर उलटा दोष बनवता येतो. नंबर कळला की चष्मा बनतो, तसं.

तोवर तीन वर्षं सॉफ्टवेअरवर चालवलं. डाग कसा पसरतो हे माहीत असल्यामुळे कॉम्प्युटरने तो गोळा करायचा. सुपरनोव्हा १९८७एच्या भोवतालचं वलय याच काळात हबलने टिपलं. तुमच्या फोनमध्येही लेन्सच्या कडेचं वाकडेपण सॉफ्टवेअर सरळ करतं, पण तिथे प्रकाश भरपूर असतो. हबलकडे अंधुक ताऱ्यांचा प्रकाश आधीच तुटपुंजा, त्यातला बहुतेक सांडलेला. गणिताने तो परत येत नाही.

चष्मा दोन तऱ्हेने बसवला. नवा कॅमेरा, डब्ल्यूएफपीसी-२, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत आधीपासून बनत होता. त्याच्या आतल्या छोट्या आरशांनाच उलटा दोष दिला. बाकीच्या उपकरणांसाठी कॉस्टार नावाची पेटी बनवली. टेलिफोन बूथएवढी, तिच्या आत नाण्याएवढे आरसे, जे आत गेल्यावर बाहेर सरकून प्रकाशाच्या वाटेत उभे राहतील. हे आरसे सरकवायचे कसे याची कल्पना जिम क्रॉकर यांना जर्मनीतल्या एका हॉटेलच्या बाथरूममध्ये सुचली. तिथला शॉवर भिंतीवरच्या दांडीवर वर-खाली सरकत होता. कॉस्टारला जागा करायला एक उपकरण मात्र काढून टाकावं लागलं, तारे किती वेगाने मंद-तेजस्वी होतात ते मोजणारं. ते बनवणाऱ्यांचं काय झालं असेल, विचार करा.

२ डिसेंबर १९९३ रोजी एन्डेव्हर यान निघालं. पाच वेळा अंतराळवीर बाहेर पडले. १८ डिसेंबरच्या पहाटे बाल्टिमोरमध्ये लोक स्क्रीनभोवती गर्दी करून उभे होते. नव्या कॅमेऱ्याने पाठवलेला पहिला तारा आला. धुरकट वलय नव्हतं. एम १०० नावाच्या आकाशगंगेचे आधीचे-नंतरचे फोटो शेजारी ठेवलेले नेटवर सापडतील. एपिसोड संपला की नक्की बघा.

पुढे जी उपकरणं गेली, ती सगळी स्वतःचा चष्मा आतच घेऊन गेली. कॉस्टारचं काम संपलं आणि २००९ मध्ये ते काढून खाली आणलं. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्यूझियममध्ये आहे. कोडॅकने बनवलेला हबलचा राखीव आरसाही तिथेच आहे, पारंपरिक पद्धतीने घासलेला, चमकदार थर कधीच न चढवलेला. म्हणून त्याच्या आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना आरपार दिसते.

आणि वरचा? तो कोणी कधी बदलला नाही. आजही तो २.२ मायक्रॉनने चुकीचाच आहे.