अथणीचे भाषण : वाक्यावर किती दिवस भांडणार?

दरवर्षी १ ऑगस्टला हे भांडण ठरलेलेच आहे. त्या दिवशी टिळकांची पुण्यतिथी असते आणि अण्णा भाऊंची जयंतीही. आपली पोरे टिळकांचे कुणबी, तेली, तांबोळ्यांना हिणवणारे वाक्य बाहेर काढतात. समोरून उत्तर येते की वाक्य मोडूनतोडून वापरले आहे, संदर्भ सोडला आहे, टिळक तर तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी होते. मग दोन दिवस शिव्या चालतात आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजू आपापल्या कामाला लागतात. भाषण कशावर होते, त्या वेळी मागणी काय होती आणि ती मागणी पुढे कुठपर्यंत गेली, हे कोणी विचारत नाही. खरा इतिहास तर तिथेच आहे.

आधी प्रसंग नीट समजून घेऊ. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जाहीर केले की हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती दिली जाईल. नोव्हेंबरमध्ये माँटेग्यू स्वतः मुंबईला उतरले. देशभरातून शिष्टमंडळे त्यांना भेटू लागली. कायदेमंडळात, म्हणजे तेव्हाच्या भाषेत कौन्सिलात, कोण बसणार हा प्रश्न पहिल्यांदाच खरा झाला. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतरांनी सरळ मागणी केली की आम्हाला आमचे स्वतंत्र प्रतिनिधी द्या, नाहीतर स्वराज्य येईल आणि कौन्सिलात तीच माणसे बसतील जी आज कचेरीत, शाळेत आणि देवळात बसली आहेत.

त्याच नोव्हेंबरात टिळक बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला बोलले. या मागणीची त्यांनी थट्टा केली. कुणबी कौन्सिलात जाऊन नांगर हाकणार आहे काय, शिंपी तिथे कात्री चालवणार आहे काय, वाणी तराजू धरणार आहे काय, असा त्या बोलण्याचा आशय होता. शब्द जवळपास असेच, पण आज ते चार-पाच रूपांत फिरतात. कुठे 'कुणबट' आहे, कुठे तेली-तांबोळी आहेत. बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा प्रसंग सांगितला, तेव्हा ठिकाण सोलापूर आणि साल १९१८ दिले. तेली, तांबोळी, धोबी यांनी कायदे पाळावेत, कायदे करण्याची हाव धरू नये, असे टिळकांचे मत असल्याचे त्यांनी नोंदवले. आता एवढ्या फरकावरून काही विद्वान हे सगळेच बनावट ठरवायला निघतात. मित्रांनो, पाव शतकानंतर लिहिताना गावाचे नाव किंवा साल बदलले, तर त्यामुळे भाषणच नाहीसे होत नाही. मात्र आपणही पोस्टर छापताना टिळकांच्या तोंडी नवे शब्द घालू नयेत. अथणी, नोव्हेंबर १९१७ एवढे लिहिले तरी पुरे आहे. एक खोटा शब्द सापडला की समोरचा बाकीचे सगळे खरे झटकून टाकतो.

आता टिळकांच्या बाजूचा युक्तिवाद घेऊ, तोही त्याच्या सगळ्यात चांगल्या रूपात. ते म्हणतात, टिळकांनी कोणत्याही जातीला नालायक म्हटले नाही. कौन्सिलचे काम कायदे करण्याचे आहे, तिथे नांगर, कात्री, तराजू यांचा संबंध येत नाही, म्हणून जातवार जागा मागण्यात अर्थ नाही. लायक माणूस निवडा, मग तो कोणत्याही जातीचा असो, एवढेच त्यांना सांगायचे होते.

ठीक आहे, हाच अर्थ धरू. मग विचारू की १९१७ साली लायक कोणाला म्हणत होते? अथणीपासून फार लांब नसलेल्या कोल्हापूरचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा दरबारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हाही लायकीचीच ओरड झाली. त्याआधी वेदोक्ताच्या प्रकरणात, राजाला वेदोक्त मंत्राचा अधिकार नाही म्हणणाऱ्या भिक्षुकांच्या बाजूने केसरी उभा होता. ज्या समाजाला शाळेच्या दारातच अडवले त्याला कौन्सिलच्या दारात 'लायक व्हा आणि या' म्हणायचे, ही लायकी म्हणजे जातीचेच दुसरे नाव होते. म्हणून जातवार जागा मागितल्या गेल्या. जातीच्या अभिमानापोटी त्या मागितलेल्या नव्हत्या.

आणि टिळक स्वतंत्र प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाविरुद्धच होते म्हणावे, तर तेही खरे नाही. अथणीच्या अकराच महिने आधी, डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. त्यात मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले गेले, आणि त्या कराराच्या मागे टिळकांचे वजन होते. लखनौच्या व्यासपीठावर ते म्हणाले की स्वराज्याचे हक्क फक्त मुसलमानांना दिले तरी आमची हरकत नाही, रजपुतांना दिले तरी नाही, हिंदूंमधल्या खालच्यातल्या खालच्या वर्गाला दिले तरीही नाही. (शेवटच्या वाक्याला त्यांनी एक अट जोडली होती: सुशिक्षित वर्गापेक्षा हे लोक जास्त लायक आहेत असे सरकारला वाटत असेल तर. ही अट वाचली की उदारपणा किती होता ते कळते.) लखनौला मुसलमानांना स्वतंत्र जागा द्यायला टिळक तयार होते, कारण त्याशिवाय सरकारपुढे एकजूट दिसणार नव्हती. अथणीला त्याच गोष्टीची थट्टा झाली, कारण इथे मागणारा घरातलाच होता आणि त्याला जागा दिली तर ती आपल्यातूनच जाणार होती. हा फरक जो दाखवून देईल त्याला वाक्यातल्या एका-एका शब्दावर भांडावे लागणार नाही.

'तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी' हे बिरुदही याच उजेडात पाहा. मुळात विरोधकांनी हिणवून दिलेले हे नाव टिळकांच्या अनुयायांनी भूषण म्हणून मिरवले. पुढारी तेल्यांचे, सभेला गर्दी तेल्यांची, तुरुंगाबाहेर जयजयकार तेल्यांचा. कौन्सिलात मात्र तेली नको.

त्या काळचे भांडण वर्तमानपत्रांतून चालले. एका बाजूला केसरी, तेव्हाचे सर्वांत वजनदार मराठी पत्र. दुसऱ्या बाजूला मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र', जो नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत असे. पुण्यातून वालचंद कोठारींचा 'जागरूक' १९१७ सालीच सुरू झाला होता. दोन वर्षांनी श्रीपतराव शिंद्यांचा 'विजयी मराठा' आला. ही छोटी पत्रे नसती तर स्वतंत्र प्रतिनिधित्वाची बाजू मराठीत छापलीच गेली नसती. अस्पृश्यांकडे तर तेवढेही नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे देऊन केसरीत जाहिरात मागितली, तीही केसरीने छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते.

टिळकभक्त आणखी एक पुरावा आणतात, मार्च १९१८ च्या मुंबईतल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचा. विठ्ठल रामजी शिंदे यांनी ती भरवली होती, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा अर्थाचे टिळक तिथे बोलले. सभा दणाणली. मग एक जाहीरनामा पुढे आला: मी स्वतः रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही. पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. टिळकांनी सही केली नाही. पुढे 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी लिहिले ते यासाठीच की टिळक अस्पृश्यांत जन्मले असते तर त्यांनी अस्पृश्यतानिवारण हाच जन्मसिद्ध हक्क म्हटला असता. अथणीचे वाक्य आणि मुंबईचे वाक्य एकमेकांसमोर ठेवून कोणते खरे टिळक, असा वाद घालणारे आहेत. माझ्या मते न झालेली सही दोन्ही वाक्यांपेक्षा जास्त बोलते.

ब्राह्मणेतर बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. वाद पुढे वैयक्तिक झाला. १९२४ साली पुण्यात मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला. जेधे-जवळकर मंडळींनी नगरपालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याची मागणी लावून धरली, ती हाणून पाडली गेली. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी टिळक आणि चिपळूणकरांवर 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिले, केशवराव जेध्यांनी ते प्रसिद्ध केले. खटला होऊन शिक्षा झाल्या. अपिलात बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले आणि १९२६ साली सगळे सुटले. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण ज्या जेध्यांनी टिळकांना देशाचे दुश्मन म्हणणारे पुस्तक छापले, तेच पुढे काँग्रेसमध्ये गेले. शिव्यांची धार इतकीच टिकते.

टिकले ते दुसरेच. १६ जानेवारी १९१९ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक महार' या नावाने बाबासाहेबांचे पत्र आले. स्वराज्य हा ब्राह्मणाचा जितका जन्मसिद्ध हक्क तितकाच महाराचा, हे त्यात होते. टिळकांचे नाव काढायची गरजच पडली नाही. त्याच महिन्यात ते मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्षीला गेले आणि अस्पृश्यांसाठी त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने प्रतिनिधित्व मागितले. एकाने कौन्सिलची पायरी चढू नका म्हटले, दुसऱ्याने कौन्सिलात किती खुर्च्या आणि कोणत्या मतदारयादीने, याचा हिशेब मांडला.

१९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. अस्पृश्यांना शंभराहून जास्त सदस्यांच्या त्या सभागृहात सुरुवातीला एकच जागा मिळाली, तीही सरकारने नेमलेल्या माणसासाठी. 'मूकनायक'चे संपादक राहिलेले ज्ञानदेव घोलप तिथे बसले. ज्या ब्राह्मणेतर चळवळीने 'आम्हाला वगळले' म्हणून आवाज उठवला, तिच्या यशातही अस्पृश्यांचा वाटा एवढाच होता. बहुजन एकतेच्या घोषणा देताना हे आकडे खिशात ठेवावेत.

तरीही त्या कौन्सिलात जे घडले ते पाहा. सत्यशोधक भास्करराव जाधव मंत्री झाले. सीताराम केशव बोले सभासद होते, जातीने भंडारी. अथणीचाच तर्क लावला तर त्यांना विचारायला हवे होते, तुम्ही काय कौन्सिलात माडी काढणार आहात? ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टे, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे पाळणार नाही तिचे अनुदान थांबवा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते, पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्यांच्या हातात माणुसकीच्या हक्काबरोबर बोल्यांचा ठरावही होता. लायक विद्वानांनी भरलेल्या कोणत्याही आधीच्या कौन्सिलला असा ठराव सुचला नव्हता.

१९२७ साली बाबासाहेब स्वतः मुंबई कौन्सिलात गेले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ज्यांनी कायदे फक्त पाळायचे त्यांच्यातला माणूस आता, ज्या कायद्याने त्यांना गावकीच्या वेठीला जुंपले होते, तोच बदलायला निघाला होता. विरोध एवढा झाला की पुढच्या वर्षी विधेयक मागे घ्यावे लागले.

त्याच १९२८ साली पुण्यात खुद्द टिळकांच्या गायकवाड वाड्यात त्यांच्या मुलाने, श्रीधरपंतांनी, समता संघाची शाखा काढली आणि अस्पृश्यांबरोबर सहभोजन केले. टिळकभक्तांच्या पोस्टरवर श्रीधरपंत कधी दिसत नाहीत. त्याच वर्षी २५ मे रोजी त्यांनी आत्महत्या केली.

१९३७ ला बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले आमदार होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताच्या जमिनीवर राबणारी कुळे म्हणजे बहुतांशी कुणबी आणि महार. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर भागांतून आलेले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले आणि बाबासाहेबांच्या शिष्टमंडळाने त्यांच्या मागण्या मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे ठेवल्या. काँग्रेस सरकारने ते विधेयक पुढे सरकू दिले नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.